ठसका

"काहून गा चंदू, लय दिवसानं? बाहेरगावी गेला होता काय?"

भैयाजीनं हे विचारलं ते व्हेरायटी चौकातल्या आपल्या टपरीवर, ट्रान्झिस्टरचे सेल बदलता बदलता, धड मानही वर न करता. चंद्रभाननं तो शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. बाहेरगावी! माणसानं नरखेडला साल्याच्या लग्नाला जावं, चार दिवस संत्री खावीत आणि एसटीनं परत यावं, त्या चालीवर हा प्रश्न होता. गेला होता तो हॅम्बर्गला. तिथून लंडन, ॲमस्टरडॅम, एकदा तर टोकियोसुद्धा. चांगलं एका तपाहून जास्त. तिकडे गोरी पोरं त्याच्या नावानं घसा फोडत, आणि हॅम्बर्गच्या एका न्हाव्याच्या दुकानात त्याची तसबीर टांगलेली होती. विमानात बसल्यापासून तो एकाच गोष्टीची तयारी करत आला होता, ती म्हणजे नागपुरात लोकांनी गराडा घातला की नम्रपणे कसं वागायचं. "छे छे, कसलं काय, तुमचीच कृपा," हे वाक्य त्यानं मुंबईच्या हॉटेलातल्या आरशासमोर वेगवेगळे चेहरे करून म्हणून पाहिलं होतं. आता नम्रता तयार होती, अगदी उतू जात होती, आणि तिला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. "हो," तो म्हणाला, "बाहेरगावीच होतो." "तरीच," भैयाजी म्हणाला आणि सेलचं झाकण बसवलं.

भैयाजी म्हणजे त्याच्या इतवारीतल्या आळीतलाच. दोघं एका नळावर भांडत मोठे झाले होते, त्याला मैत्री म्हणायचं तर म्हणावं. आता सीताबर्डीत त्याची ही टपरी होती. सेल, टॉर्च, घड्याळांचे पट्टे आणि भिंतभर कॅसेटी. "तू बी त पहिले काही गात होता ना बे?" भैयाजीला एकदम आठवलं. "सोडलं काय? बरं केलं. तुह्याच्यानं होत नव्हतं थे." मग जुन्या ओळखीला जागून त्यानं भिंतीवरची एक कॅसेट काढली. "हे ऐक. फॉरेनची पार्टी आहे. पोट्टे पागल होऊन राहिले याच्यापायी. आपल्या मारबतीचं नाव घेतेत साले, चोर. इथून कोणी तरी शिकून गेलं असन." कॅसेटवर मोठ्या अक्षरात 'ठसका' लिहिलेलं होतं आणि खाली कुठल्या तरी भलत्याच केसाळ गोऱ्याचा फोटो होता, कारण कॅसेट अर्थातच नकली होती. बटण दाबलं गेलं. बसचे हॉर्न, फळवाल्यांच्या आरोळ्या आणि एका बाईचं ब्लाऊजपीसवरून चाललेलं भांडण या सगळ्यांच्या मधून आधी ती प्रसिद्ध शिंक आली, मग ढोल, मग त्याचा स्वतःचा, फाटका, खरखरीत, आतून सोललेला आवाज. "थो शिंकते ना, तिथंच लय मजा येते," भैयाजी म्हणाला. चंद्रभाननं नकळत डोक्यावर हात फिरवला. ज्या केसांपायी एकेकाळी त्याचा उद्धार झाला होता ते केस आता कानांच्या मागे थोडे उरले होते. सांगावं की हा मीच? त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण ते सांगायला लागणारा चेहरा त्यानं आरशासमोर करून पाहिलेला नव्हता. तिथं सगळी तयारी लोकांनी ओळखल्यानंतरची होती. शेवटी त्याच्या तोंडून निघालं ते "केवढ्याले देते?" एवढंच. "राहू दे," भैयाजी दिलदारपणे म्हणाला. "तुले नाई समजणार थे."

शिंक डेरिकची होती. अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या गार्डसाहेबाचा मुलगा, ड्रम वाजवायचा. गिटारवर अनंत, आणि गाणारा चंद्रभान. तिघांना वाजवायला जागा कुणी देईना, म्हणून रविवारी ते इतवारीत मारोतरावांच्या मिरचीच्या गोदामात बसत. मारोतराव म्हणजे चंद्रभानचे वडील, भिवापुरी मिरचीचे व्यापारी. माणूस असा की पोत्यावर नुसता हात ठेवून मिरची कुठल्या शेतातली ते सांगेल, आणि मुलाशी बोलायची वेळ आली की पोत्याशी बोलेल. आठवडाभर देठं खुडणाऱ्या बाया रविवारी येत नसत आणि गोदाम मोकळं असे. मोकळं म्हणजे माणसांपुरतं. हवेत मिरची असेच. डेरिक शिंकायचा तो नेमका समेवर, कारण समेला तो सगळ्यात जोरात हाणायचा आणि पोत्यांवरची भुकटी उडायची. चंद्रभानचा घसा तिथंच तयार झाला, किंवा तिथंच गेला, दोन्ही म्हणता येईल. ठसका लागला की पलीकडच्या स्वयंपाकघरातून माय धावत यायची, पंचफुलाबाई, पिठाचे हात तसेच, डोक्यावर थापट्या मारायची आणि म्हणायची, "कोण आठवण काढून राहिलं गा माह्या लेकराची!" तिच्या लेखी ठसक्याला हे एकच कारण होतं. समोर मिरचीची शंभर पोती रचलेली असली तरी तिचा त्यांच्यावर संशय जात नसे.

आणि मग ते नकार. आठवले की चंद्रभानला अजून कानाची पाळी गरम झाल्यासारखी वाटे, आणि हसूही येई. दोन्ही एकदम आलं की चेहरा कसा दिसत असेल याची त्याला भीती वाटे. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी पहिली तार छेडली आणि स्पीकरच्या खोक्यात महिनोन्‌महिने साठलेली मिरची त्या दणक्यानं बाहेर आली. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे खोकायला लागले, मग दुसरी रांग, मग मुलींचा विभाग. मागून कुणीतरी ओरडलं, "पार्टी कसची, ठसका आहे हा ठसका!" त्या दिवसापर्यंत त्यांच्या पार्टीचं नाव एक भारदस्त इंग्रजी नाव होतं, ते त्यानंतर कुणी उच्चारलं नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात साहेबांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिघंही भारावले. गाणं काळजाला भिडलं असं त्यांना वाटलं. नोकरानं येऊन बाहेरची वाट दाखवली तेव्हा कळलं की ते डोळ्यांनाच भिडलं होतं. गणपतीच्या मंडळानं त्यांना उभं केलं नाही, कारण देवाला शिंक चालत नाही. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीतला माणूस तर फारच सभ्य होता. त्यानं पूर्ण गाणं ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाला, "आवाज बसलाय तुमचा. सर्दी बरी झाली की या." तिघं धर्मशाळेत सर्दी बरी होण्याची वाट पाहत राहिले. नसलेली सर्दी बरी व्हायला किती वेळ लागतो हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून पैसे संपल्यावर परतले.

पण हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसवलं नाही ते त्या वर्षीच्या मारबतीला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींचे भले थोरले पुतळे निघतात, आणि गावाची सगळी इडापिडा, खासी-खोकला त्यांच्या पदरात घालून त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. त्यांच्यामागून बडगे, त्या साली लोकांच्या डोक्याला ज्याचा ताप झाला असेल त्याचा बांबू-कागदाचा पुतळा. महागाईचा बडग्या, काळाबाजारवाल्याचा बडग्या. त्या साली आळीतल्या पोरांनी, म्हणजे मुख्यतः या भैयाजीनं, बडग्या केला तो चंद्रभानचा. लांब केस सुतळीचे, गिटार खराट्याची, गळ्यात मिरच्यांची माळ, आणि अंगात चंद्रभानचाच शर्ट. तोच, हिरव्या फुलांचा, कार्यक्रमासाठी खास शिवलेला, आदल्या दिवशी मायनं धुऊन अंगणात वाळत घातलेला. सगळे हसत होते म्हणून चंद्रभानही गर्दीत उभा राहून हसत होता, माणसानं दुसरं काय करावं. आणि हसता हसता त्याला दुकानाच्या पायरीवरून तो आवाज ऐकू आला. लिलावात अख्खा बाजार गप्प करणारा आवाज. मारोतराव बडग्याकडे पाहून, मुठी वळून ओरडत होते: "घेऊन जा गे मारबत! घेऊन जा!" आळी ओरडत होती ती गंमत म्हणून. बाबा ओरडत होते ते मनापासून. आणि शर्ट घरातूनच गेला होता. तो तारेवरून आपल्या पायांनी चालत गेला नसणार. कुणी दिला असेल हे विचारायची गरज चंद्रभानला वाटली नाही, पायरीवरचा तो आवाज ऐकल्यावर कशी वाटणार. डेरिकचा मामा हॅम्बर्गच्या बंदरावर कामाला होता. दिवाळीच्या आत तिघं गेले.

मारबत तिला दिलेलं काम चोख करते, असं चंद्रभान नंतर पुष्कळदा स्वतःशी म्हणायचा. नेलं म्हणजे नेलं. हॅम्बर्गमध्येही आधी कुणी विचारलं नाही. एका बंदरी खानावळीत गाणी संपली, लोक उठून जायला लागले, तेव्हा संतापाच्या भरात तो बापाच्या आवाजात ओरडला, "घेऊन जा गे मारबत!" खलाशांनी ग्लास आपटून तेच शब्द परत दिले, डेरिक समेवर शिंकला, कारण ड्रमच्या पोटात अजून इतवारी होती, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. एका बातमीदारानं विचारलं, मारबत कोण? चंद्रभान म्हणाला, आमच्या गावची एक बाई. झालं, भारतीय गायकाचं हृदय तोडणाऱ्या मारबत नावाच्या सुंदरीवर तिकडच्या मासिकांत लेख आले. पण तिकडची हवा स्वच्छ. वर्षाच्या आत चंद्रभानचा आवाज साफ व्हायला लागला, गोड व्हायला लागला, आणि मॅनेजर हवालदिल झाला. ज्या घशावर जग फिदा होतं तो बरा होऊन चालला होता. नेमक्या त्याच वेळी, वर्तमानपत्रातल्या पत्त्यावर की कशावर देव जाणे, घरून पहिलं पार्सल आलं. पत्ता टायपिंगच्या दुकानातून टाइप करून घेतलेला, आत चिठ्ठी नाही, काही नाही. कापडी पिशवीत भिवापुरी मिरची, देठं खुडलेली. मायचंच काम. त्यानंतर दरवर्षी येत राहिलं. कार्यक्रमाआधी चंद्रभान पिशवीत तोंड घालून भरपूर खोकायचा आणि मग मंचावर जायचा. कधी कधी परदेशातल्या हॉटेलात, मिरची नसताना, काही नसताना, उगीच ठसका लागे. तेव्हा तो आपल्याच डोक्यावर थापटी मारून घ्यायचा आणि म्हणायचा, माय. बाबांचं नाव त्याच्या मनात येत नसे. बाबा आठवण काढणाऱ्यांपैकी नव्हते, ते 'घेऊन जा'वाले होते.

आणि यंदा पार्सल आलं नाही. आवाज भजनी मंडळासारखा निर्मळ झाला. खरं सांगायचं तर पहिली काळजी त्याला आवाजाची वाटली होती, मायची दुसरी. मध्ये किती वेळ गेला होता? दाढीचा एक गाल संपून दुसरा सुरू होईपर्यंत. आरशात अर्धा फेस लावलेला चेहरा त्याच्याकडे बघत राहिला, आणि तेव्हापासून त्याला स्वतःचा राग होता. मुंबईत कार्यक्रम ठरला तसा तो दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सटकला आणि नागपूरला उतरला. इतवारीत सरळ जायचं धाडस होईना, म्हणून आधी बर्डीत भैयाजीकडे. आता भैयाजीला एवढंच विचारायचं होतं की माय आहे ना. साधे चार शब्द. परदेशात तो हजारो माणसांपुढे गायला होता आणि इथं त्या चार शब्दांतून नेमका 'माय' गळाला. "घरी... सारं बरं आहे ना?" तो म्हणाला. "कोणाच्या घरी?" भैयाजी म्हणाला, टपरीला कुलूप लावत. "चाल, आज मारबत आहे. यंदा मी बडग्या नाई केला, कंबर धरते. बरं, तुह्यावाला आठवते काय? लय जमला होता! थो शर्ट तुह्या घरूनच आला होता. कोणी देल्ला थे मात्र आता आठवत नाई." मग स्कूटर सुरू करताना त्यानं सहज सांगितलं की मारोतरावांची दुकान चालूच आहे, म्हातारा अजून कोणाले ऐकत नाही. म्हातारीबद्दल काहीच बोलला नाही. चंद्रभान मागच्या सीटवर बसला आणि बर्डीपासून इतवारीपर्यंत, गांधीबागेच्या गर्दीतून, त्या न बोललेल्या वाक्याला घट्ट धरून गेला.

इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. काळी मारबत पुढे गेली होती, मागून बडगे येत होते: रॉकेलची टंचाई, हुंडा घेणारा नवरदेव, विजेचं खातं. चंद्रभाननं मान उंचावून प्रत्येक बडग्याचं तोंड पाहिलं. आपण यात नाही हे पाहून त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते निराळंच. या गावाच्या डोक्याला आपला आता जरासुद्धा ताप नाही, याचं त्याला वाईट वाटलं. जगात सगळीकडे नाव झालं आणि नागपुरात साधा बडग्या होण्याइतकीही पत राहिली नाही. तेवढ्यात कुणीतरी हाळी दिली, "खासी-खोकला!" आणि सवयीनं, इतकी वर्षं त्या ओळीवरच पोट भरलं होतं म्हणून, चंद्रभाननं पूर्ण आवाजात उत्तर दिलं: "घेऊन जा गे मारबत!" आळीनं ते उचललं. ज्या रस्त्यानं त्याला हाकललं तो अख्खा रस्ता त्याच्यामागून ओरडत होता. शेजारच्या गृहस्थानं कौतुकानं वळून पाहिलं. "आवाज बरा आहे तुमचा," ते म्हणाले. "शनिवारच्या भजनात येत जा."

"छे छे, कसलं काय," चंद्रभान म्हणाला, आणि तेवढ्यात वरून, मिरचीच्या दुकानाच्या माडीवरून, एक बारीक, चिरका, हट्टी आवाज त्या सगळ्या गजराच्या उलट दिशेनं आला. "घेऊन ये गे मारबत! घेऊन ये!"

लोक हसले. भैयाजीनं कपाळावर हात मारला. "पंचफुलाकाकू. दरसालचं आहे हे. कितीकदा सांगतलं, काकू, घेऊन जा म्हणा, नाई त गेलेली रोगराई वापस येईन. ऐकतच नाई. तू गेला ना गा बाहेरगावी, तवापासून उलटंच बोलते." चंद्रभानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरचीचा बाजार होता, त्यामुळे कुणाला त्याचा संशय आला नाही.

दुकानात मारोतराव गादीवर बसले होते, तसेच, फक्त अंगरखा आता त्यांना मोठा होत होता. त्यांनी पायरीवर आलेल्या टकल्या माणसाकडे पाहिलं. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पोत्यावर हात ठेवावा तशी नुसती नजर ठेवली. "आली पिडा," ते म्हणाले, आणि सरकून गादीवर जागा केली. चंद्रभान बसला. दोघंही समोरच्या पोत्याकडे पाहत राहिले.

"मिरची संपली काय?" मारोतरावांनी पोत्याला विचारलं.

"यंदा आलीच नाही, बाबा."

"पाठवलीच नाई त येईन कुठून?"

माडीच्या पायऱ्या उतरत माय आली, कठड्याला धरून, बारकी झालेली. ती त्याच्याजवळ बसली आणि त्याचा दंड चाचपून पाहू लागली, जसं काही तिथं काही कमी भरतंय. "माय, तू काहून नाही पाठवली यंदा?" त्यानं विचारलं. "मी?" माय म्हणाली. "मले का पोस्टाचं समजते? थेच पाठवत. बायाइले हात लावू देत नव्हते पिशवीले, देठं बी सोता खुडत." मारोतरावांनी पागोट्याशी चाळा केला. "इनं मारबतीले सांगाचं आन्‌ मी पाहत बसाचं," ते म्हणाले. "मारबतीच्या भरोशावर किती साल काढाचे? माल बंद केला. माल बंद झाला की गिऱ्हाईक बरोबर दुकानात येते."

चंद्रभानला हसू आलं, आणि त्या हसण्याखालून इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सरळ वर आली. "आणि माझा शर्ट कोणी दिला होता त्या बडग्याले?"

बाहेरचा गजर जरा लांब गेला होता. "म्या देल्ला," माय म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "जिथं जाय तिथून तुले नाहीच म्हणत लोकं. भैयाजी मागाले आला, म्हटलं अंगावरचं कापड जळन त संगं मागची पिडा बी जळन. थ्या मारबतीले नाई समजलं. तिनं पिडा ठेवली आन्‌ तुलेच नेलं."

"आणि तुम्ही ओरडले, बाबा. सगळ्यात जोरात."

"ओरडलो." मारोतराव पहिल्यांदाच पोत्याकडून त्याच्याकडे वळले. त्यांचा लिलावाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पिडा जावो म्हणून ओरडलो गा. बाजा जाईन, तू राहाशीन, असा हिशोब होता. तू जावो म्हणून कोणता बाप ओरडन?"

चंद्रभानला काहीतरी म्हणायचं होतं. फार मोठं काहीतरी, बहुतेक क्षमेचं. पण मागे हमालानं त्याच क्षणी भिवापुरीचं पोतं पाठीवरून दाणकन खाली टाकलं, लाल धूळ उठली आणि त्याला ठसका लागला. असा लागला की डोळे पांढरे झाले, गाणं, हॅम्बर्ग, आरशासमोरची नम्रता सगळी छातीतून बाहेर पडते की काय असं वाटलं. माय गुडघ्यांवर उठली आणि त्याच्या टकलावर थापट्या मारू लागली. "कोण आठवण काढून राहिलं गा बाप्पा माह्या लेकराची!"

"आता कोण काढन वं?" मारोतरावांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "दोघंही त इथंच बसलो आहो."